सेमाडोहला मुक्काम, वाटेवरच्या गावांत जेवण

मेळघाटात वाघ पाहायला जाणारी माणसं बहुतेक घाईत असतात. परतवाडा मागे टाकायचा, सफारीची वेळ गाठायची, वाघ दिसला नाही म्हणून हळहळायचं आणि दुसऱ्या दिवशी परतीला लागायचं. मधली गावं गाडीच्या काचेतून निघून जातात. वाघ दिसेल किंवा नाही दिसणार. गावं मात्र जागेवरच असतात. अमरावती ते धारणी हा जेमतेम दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे. त्यात वऱ्हाडी तिखट, गवळ्यांचं दूधदुभतं, कोरकू आदिवासींचं कुटकी-मक्याचं जेवण आणि धारणीकडे निमाडी वळणाची चव, एवढं सगळं एका ओळीत मिळतं. महाराष्ट्रात असा दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.

मलेशियात ईपोह आणि ताइपिंग ही कथिलाच्या खाणींवर वाढलेली जुनी गावं आहेत. जगभरचे लोक तिथे केवळ खायला आणि पायी हिंडायला जातात. सकाळी कोपितियाम म्हणजे जुन्या चहा-कॉफीच्या दुकानात बसायचं, मग बाजार, मग जुन्या इमारती, उन्हं उतरली की पुन्हा खाणं. आपल्या गावांना एवढा वेळ द्यायची सवय आपण अजून लावून घेतलेली नाही. ती लावायची असेल तर सेमाडोह हे मुक्कामाचं गाव धरा आणि पुढीलप्रमाणे करा.

१. आधी महिना ठरवा

खायला काय मिळणार हे इथे महिन्यावर ठरतं, म्हणून तारखेआधी महिना. थंडी सगळ्यांत चांगली. डिसेंबरच्या उत्तरार्धात परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा भरते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे खायचे तर याच दिवसांत. परतवाड्याच्या आसपास संत्र्याचा हंगामही तेव्हा जोरात असतो. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर सीताफळं मिळतील. घाटाच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकड्यांवर जंगल राखलं आणि तिथली सीताफळं ग्रामसभेमार्फत विकायला सुरुवात केली. २०१४ साली या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. सीताफळ घ्यायचं तर तिथलंच घ्या.

मार्चमध्ये मोह गळतो आणि होळी येते. होळी हा कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण. त्या दिवसांत पोरंबाया रस्ता अडवून फगवा मागतात. खिशात सुटे पैसे ठेवा, थांबा, हसून द्या. हॉर्न वाजवू नका. पावसाळ्यात जंगल हिरवंगार होतं आणि रानभाज्या मिळतात, पण गाभ्यातली सफारी बंद असते. मे महिना टाळा.

२. निघण्याआधीची चार कामं

सेमाडोह आणि कोलकास इथली वनविभागाची निवासस्थानं संकेतस्थळावरून आधी आरक्षित करावी लागतात. थंडीतल्या शनिवार-रविवारी जागा मिळत नाही, म्हणून मधले वार धरा. मधले वार धरण्याचं आणखी एक कारण म्हणजे आठवडी बाजार. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी या प्रत्येक ठिकाणी बाजाराचा वार वेगळा विचारून घ्या आणि निदान एक बाजार आपल्या दौऱ्यात बसवा. बाजार नसलेल्या दिवशी जे गाव अर्ध्या तासात संपतं, त्याला बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस पुरत नाही.

रोख पैसे परतवाड्यातच काढा, लहान नोटा घ्या. गाडीची टाकी तिथेच भरा. घाट चढला की मोबाईलची रेंज जागोजागी जाते, म्हणून घरच्यांना तसं सांगून ठेवा. आणि घाटाचा रस्ता उजेडातच उरकायचा. तो व्याघ्र प्रकल्पातून जातो. रात्री जनावरं रस्त्यावर येतात आणि भरधाव गाडीखाली मरतात. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचता येईल असाच वेळ बांधा.

३. सकाळ परतवाड्यात, उन्हं चढायच्या आत अचलपुरात

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती गाठावी. अमरावतीत उतरल्यावर गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे निघू नका. पण पोट भरू नका, परतवाडा पन्नास-बावन्न किलोमीटरवरच आहे.

परतवाड्यात हॉटेल निवडताना पाटी वाचू नका, कढई बघा. जिथे आलूबोंडे निघतात आणि ताटात पडायच्या आत संपतात, तिथे उभे राहा. विचारायची रीत साधी आहे: "भाऊ, आता गरम काय निघून राह्यलं?" उत्तर येईल ते घ्या. आलूबोंड्यावर किंवा पोह्यावर तर्री मागताना पहिल्यांदा अर्धी वाटीच मागा. वऱ्हाडातली तर्री दिसते त्याहून तिखट असते. सांबारवडी दिसली तर ती सोडू नका. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीतली कोवळी कोथिंबीर गच्च भरलेली ही वडी पुण्यामुंबईच्या कोथिंबीरवडीहून अगदी निराळी, तळलेली आणि खसखस-खोबऱ्याच्या सारणाची असते. दुपारच्या जेवणाला खानावळीत पाटोडीचा रस्सा आहे का ते आत्ताच विचारून ठेवा.

खाऊन झालं की अचलपूरला या. परतवाडा आणि अचलपूर ही जुळी गावं आहेत. परतवाडा ही इंग्रजांची छावणी, तर अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. फतेहउल्लाह इमाद-उल-मुल्क १४९० मध्ये बहमनींपासून वेगळा झाला आणि १५७४ पर्यंत वऱ्हाडचं राज्य इथून चाललं. इतका इतिहास असलेल्या या गावात प्रवासी मात्र क्वचितच दिसतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. जुन्या तटाचा दुल्हा दरवाजा बघा. मग गावाबाहेर हौज कटोरा: जुन्या तळ्याच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी, मजल्यांचा मनोरा. रेल्वेवर प्रेम असणाऱ्यांनी स्टेशनवरही डोकावून यावं. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर इथे येत होती. आता ती बंद आहे.

एक दिवस जास्तीचा असेल तर मुक्तागिरी करा. परतवाड्याजवळ, पण मध्य प्रदेशच्या हद्दीत, डोंगराच्या कुशीत धबधब्याभोवती ५२ जैन मंदिरं आहेत. पावसाळा संपता संपता ती सर्वांत देखणी दिसतात.

४. घाट

परतवाड्याहून जेवून निघा. बिहाली, घटांग करत सेमाडोह साधारण पन्नास किलोमीटर आहे, वळणं बरीच. घटांगजवळ एक फाटा चिखलदऱ्याकडे जातो. तो येताना घ्यायचा, आत्ता नाही. माकडांना काही खायला घालू नका. वाटेत प्लास्टिक टाकू नका, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

५. सेमाडोहची संध्याकाळ

सेमाडोह सिपना नदीकाठी आहे. सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या मेळघाटच्या पाच नद्या. सगळ्या तापीला मिळतात. सामान टाकलं की उजेड आहे तोवर वनविभागाचं निसर्ग परिचय केंद्र बघून घ्या. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. साग, नद्या, प्राणी, इथली माणसं यांची जुजबी ओळख केंद्रात होते आणि दुसऱ्या दिवशी काय विचारायचं ते कळतं.

मग चौकात या. एस.टी. येते-जाते, लोक उतरतात, चहा होतो, भजी निघतात. इथे खरी खायची गोष्ट म्हणजे गवळ्यांच्या दुधाची रबडी आणि खवा. मेळघाटच्या पठारावर गवळ्यांची वस्ती जुनी आहे. म्हशींचं दूध रोज शहरात पोहोचवणं या डोंगरातून शक्य नव्हतं, म्हणून ते आटवून खवा करण्याचा धंदा इथे रुजला. लाकडाच्या आचेवर मोठी कढई, मंद ताव, आणि कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा दुधात सोडणं, असं तासन्‌तास चालतं. रबडी घेताना ती आज आटवलेली आहे का ते विचारा आणि तिथेच खा. गाडीच्या उकाड्यात ती लवकर आंबते. खवा न्यायचा असेल तर चिमूटभर तळहातावर चोळून बघा. तुपाचा ओशटपणा हाताला लागला आणि वास स्वच्छ आला तर घ्या. पीठूळ लागला तर राहू द्या. खवा घेतलात तर शेवटच्या दिवशी घ्या, पहिल्या नाही.

६. कोरकू घरचं जेवण: आदल्या दिवशी सांगायचं

सगळ्या दौऱ्यातलं महत्त्वाचं काम हे आहे, आणि नेमकं हेच प्रवासी करत नाहीत. मेळघाटातल्या कुठल्याही हॉटेलच्या पाटीवर कोरकू जेवण लिहिलेलं नसतं. तिथे वरण-भात, आलूची भाजी, शेवभाजी मिळते, ते खाऊन लोक परततात आणि म्हणतात की तिकडे खायला काही नाही. जेवण घराघरांत आहे, ते मागावं लागतं, आणि आदल्या दिवशी मागावं लागतं.

संध्याकाळी सफारीच्या वाटाड्यांपैकी कुणाशी तरी बोला. त्यांतले बरेच इथल्याच गावांतले कोरकू तरुण आहेत. त्यांच्याकडून एखादं घर किंवा महिला बचत गट विचारा. हिंदी सगळ्यांना येते, मराठी बऱ्याच जणांना येते. माणसं किती, वेळ कोणती, मांसाहार हवा की नको हे स्पष्ट सांगा. दर आधी ठरवा, घासाघीस करू नका, अर्धे पैसे लगेच द्या, कारण किराणा आणायला पैसे लागतात. कोंबडी सांगितलीत तर तिचे पैसे वेगळे धरा. गावरान कोंबडी स्वस्त नसते. सहापेक्षा जास्त जण असाल तर दोन घरांत विभागून जेवा. एका चुलीवर पंधरा माणसांचा स्वयंपाक लादणं बरं नाही.

काय सांगावं? कुटकीचा भात सांगा. कुटकी हे बारीक भरडधान्य; ती उखळात कांडून, पाखडून, पुन्हा कांडावी लागते. आदल्या दिवशी सांगायचं ते यासाठीच. हा भात तांदळासारखा मोकळा नि चकचकीत नसतो, किंचित खरखरीत आणि गोडसर असतो, आणि पातळ डाळीबरोबर उत्तम लागतो. त्याच्यासोबत मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ, पाट्यावर वाटलेली मिरचीची चटणी. पावसाळ्यात गेलात तर कोवळा तरोटा, काटोली, कोचईची पानं, बांबूचे कोंब यांपैकी त्या दिवशी जे असेल ते. रानभाजी स्वतः तोडून आणून रांधायला देऊ नका. कुठलं पान कधी आणि किती उकळून खायचं ते त्या घरच्या बाईलाच कळतं. मार्च-एप्रिलमध्ये भाजलेल्या मोहफुलांचं काही गोडधोड आहे का विचारा.

काय मागू नये, तेही पक्कं ध्यानात ठेवा. नदीतली मासळी मागू नका आणि रानातलं मांस तर कधीच नाही. व्याघ्र प्रकल्पात मासेमारी आणि शिकार गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो गावातला माणूस. मागणारा तोवर गाडीत बसून निघून गेलेला असतो.

घरी गेल्यावर पुढीलप्रमाणे वागा. कोरकू गावात घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ओळीने असतात आणि अंगण शेणाने लखलखीत सारवलेलं असतं. चपला अंगणाबाहेर काढा. गावात मुठवा देवाची जागा असते, तिच्यावर बसू नका, तिथे पाय लावू नका. घरच्यांचा, विशेषतः बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. लेकरांना चॉकलेट-बिस्किटं वाटू नका. मेळघाट म्हटलं की शहरात कुपोषणाच्या बातम्या आठवतात आणि पाहुण्यांचा हात आपोआप पिशवीत जातो. त्याने लेकरांना गाडी दिसली की धावत येण्याची सवय लागते, दुसरं काही होत नाही. जेवणाचे पैसे नीट द्या, त्या घराला त्याचा खरा उपयोग होतो.

जेवताना शेजारी बोलणं ऐका. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती मुंडा शाखेची, ऑस्ट्रोआशियाई कुळातली भाषा आहे. मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या जंगलांत राहणारे बरेच आदिवासी ज्या भाषा बोलतात, त्याही याच कुळातल्या. सिपनेच्या काठी एका ओसरीवर बसून हे कळलं की जगाचा नकाशा जरा वेगळा दिसायला लागतो.

७. दुसरा दिवस: कोलकास, हरिसाल, धारणी

पहाटे उठून वाटाड्याबरोबर पायी निघा, परवानगी असलेल्या वाटेनेच. रानपिंगळा दिसू शकतो. हे घुबड दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतं. ११३ वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती, नामशेष झालं असं जग धरून चाललं होतं, आणि १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे पुन्हा सापडलं. पुढे मेळघाटातही आढळलं. वाघापेक्षा याची भेट मला जास्त मोलाची वाटते.

सेमाडोहहून कोलकास चौदा-पंधरा किलोमीटर. सिपनेच्या वळणावर उंचावर विश्रामगृह आहे; तिथून नदी बघायची, वनविभागाचे हत्ती असतील तर तेही. पुढे हरिसाल. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी डिजिटल गाव म्हणून निवडलेलं हेच ते गाव. इथे चहापुरतं थांबून चौकात बसा. बाजाराचा वार असेल तर मात्र दुपार इथेच घालवा. बाजारात आसपासच्या ढाण्यांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, बाया येतात. मोहफुलं, चारोळी, कुटकी, वाळलेल्या मिरच्या, टोपल्या, झाडू. शहरात पाकीटबंद मिळणारी चारोळी इथे मापाने मिळते. भाव करू नका. ती टिपायला उन्हात किती फिरावं लागतं ते एकदा विकणारीला विचारा.

धारणी हे तालुक्याचं गाव, बुऱ्हाणपूर-इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. इथे भाषा हिंदीकडे आणि चव निमाडाकडे झुकते. पोह्यावर शेव येते, जिलेबी सकाळी खातात. बुऱ्हाणपूरची खव्याची जिलेबी प्रसिद्ध आहे. तिकडे जाणार असाल तर तिथेच खा. धारणी तालुक्यात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र बघण्यासारखं आहे. दौऱ्यातून घरी काही न्यायचं असेल तर बांबूची वस्तू इथून घ्या. मग उजेडात सेमाडोहला परत या.

८. येताना चिखलदरा

तिसऱ्या दिवशी सकाळी सेमाडोह सोडून चिखलदऱ्याकडून उतरा. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरचं हे गाव. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच. कॉफीची झाडं बघा आणि स्थानिक पूड मिळाली तर घ्या. थंडीत पठारावर स्ट्रॉबेरीही असते. भीमकुंड आणि देवी पॉइंट सगळेच करतात. मी म्हणेन, तोच वेळ गाविलगडाला द्या. अहमदशहा वली बहमनीने १४२५ मध्ये हा किल्ला बांधला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. किल्ल्यात दोन-अडीच तास मोडतात, पाणी बरोबर ठेवा. उतरून धामणगाव गढीमार्गे परतवाडा, आणि बहिरमची यात्रा चालू असेल तर संध्याकाळचं जेवण तिथे.

रोडगा घेताना आरातून नुकताच काढलेला मागा, राख झटकून तो हातानेच फोडा, आतल्या पदरांत तूप जिरू द्या आणि वांग्याच्या भाजीबरोबर खा. हंडीतलं मटण तासभर आधी सांगावं लागतं. तोवर बहिरमबाबाचं दर्शन घेऊन या.

हा सगळा बेत दोन रात्रींवर उभा आहे. सेमाडोहला एकच रात्र राहणार असाल तर कोरकू घरचं जेवण मिळणार नाही, कारण पहिल्या संध्याकाळी सांगितलेलं जेवण दुसऱ्या दिवशीच रांधलं जातं. आरक्षण करताना दोन रात्रींचंच करा.